नादभांडारवियोगमीमांसा

काही घरांत गाणी एका डबीत साठवलेली असतात आणि दुसऱ्या डबीतून वाजतात. पहिलीला नॅस म्हणतात, दुसरीला स्ट्रीमर. अशा घरात आज ना उद्या एक सकाळ उगवते, जेव्हा वाजवणारी डबी साठवणाऱ्या डबीला ओळख दाखवत नाही. रात्री कुठल्या तरी एकीचे फर्मवेअर अपडेट झालेले असते. दोघींचे दिवे हिरवे, राउटरचे दिवे हिरवे, आणि पडद्यावर ‘शेअर सापडला नाही’ एवढेच; शेअर म्हणजे नॅसवरचे सामायिक फोल्डर. या अवस्थेला आम्ही नादभांडारवियोग असे नाव देतो. तिला शास्त्राचा दर्जा आजवर कोणी दिलेला दिसत नाही, म्हणून तो येथे देण्यात येत आहे.

ग्रंथारंभी विषय, अधिकारी, प्रयोजन आणि संबंध हे चार अनुबंध सांगण्याची पद्धत आहे. विषय वर आलाच. प्रयोजन म्हणजे सकाळचा भैरव चहा निवण्यापूर्वी लागणे. अधिकाऱ्याबाबत मात्र कडक राहावे लागेल. महिन्याचे पैसे भरून अ‍ॅपवरून गाणी ऐकणाऱ्याला या शास्त्राचा अधिकार नाही, कारण त्याचे काही हरवतच नाही. त्याचे मुळात काही नसतेच. अधिकारी तो, ज्याने कपाटभर सीडी एकेक करून फ्लॅकमध्ये उतरवल्या आणि ज्याच्याकडे खासगी बैठकींची ध्वनिमुद्रणे आहेत. स्पूलवरून कॅसेट, कॅसेटवरून सीडी, सीडीवरून हार्ड डिस्क असा त्यांचा प्रवास झालेला असतो आणि फाइलचे नाव ‘मारवा, बैठक, बाजू ब, शेवट कापला आहे’ असे असते. हा मारवा जगातल्या कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर नाही. म्हणून अधिकाऱ्याचा चेहरा उतरतो. चौथा अनुबंध संबंध. तो रात्रीच तुटलेला असल्यामुळे त्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

आता पूर्वपक्ष. घराघरांत सर्वांत जुना आणि बलाढ्य संप्रदाय पुनरारंभवाद्यांचा. बंद करून चालू केले की सर्व दोष नाहीसे होतात, हे त्यांचे एकमेव सूत्र, आणि ते इतक्या वेळा खरे ठरलेले आहे की त्यांच्याशी वाद घालणे अवघड. तारवादी केबल काढून पुन्हा लावतात, आणि ‘टक्’ असा आवाज आला की त्यालाच मोक्ष मानतात. पासवर्डवादी प्रत्येक वेळी नवा पासवर्ड ठेवतात आणि दुपारपर्यंत तो विसरतात. चौथा पक्ष घरातल्या इतर मंडळींचा. ‘तूच काहीतरी केलं असशील’ हे त्यांचे मत अनुमान, उपमान किंवा शब्द यांपैकी कुठल्याच प्रमाणावर उभे नसते, तरीही त्याचे खंडन आजवर कोणाला जमलेले नाही. त्या पक्षाला वंदन करून पुढे जाऊ.

मुख्य प्रश्न असा की ‘सापडला नाही’ म्हणजे नेमके काय नाही? अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह उघडला की अभावाचे चार प्रकार मिळतात. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यावरचा प्रध्वंसाभाव, तिन्ही काळी असणारा अत्यंताभाव, आणि घट म्हणजे पट नव्हे हा अन्योन्याभाव. आपल्या मारव्याचा अभाव यांपैकी कोणता? प्रागभाव नाही, कारण काल तो वाजला होता. डिस्क जळाली असती तर प्रध्वंसाभाव मानता आला असता, पण लॅपटॉपवरून पाहिले तर फाइल जागच्या जागी आहे, शेवट कापलेल्या अवस्थेत. वायूत रूप नसते तसा हा अत्यंताभावही नव्हे. नॅस म्हणजे स्ट्रीमर नव्हे, हे अन्योन्याभावाचे विधान निर्विवाद आहे आणि निरुपयोगी आहे. घट उचलून नेला आणि परत आणून ठेवला, तर मधल्या काळापुरता सामयिकाभाव म्हणून पाचवा प्रकार काही पंडित मानतात. पण इथे कोणी काहीच उचललेले नाही.

अडचण अभावाच्या प्रकारात नाही, प्रतियोगीत आहे. प्रत्येक अभाव कशाचा तरी असतो, आणि ज्याचा असतो तो त्याचा प्रतियोगी. स्ट्रीमर म्हणतो, अभाव शेअरचा आहे. मीमांसकांचा भाट्ट पक्ष अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतो, म्हणजे वस्तू न आढळणे हेच ती नसल्याच्या ज्ञानाचे साधन. परंतु त्यांनी एक अट घातलेली आहे: अनुपलब्धी योग्य हवी. वस्तू असती तर आढळलीच असती, अशी स्थिती असताना ती आढळली नाही, तरच अभाव सिद्ध होतो. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे ठरत नाही. स्ट्रीमर नेमका अंधारात उभा आहे, आणि घट नसल्याचे प्रतिज्ञापत्र देतो आहे. न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जे लिहिणार नाही ते वाक्य मोठमोठ्या कंपन्या काचेवर छापतात, ही खेदाची बाब आहे.

मग त्या क्षणी प्रत्यक्षात घडते काय? दोन यंत्रे भेटली की आधी फाइलची गोष्ट निघतच नाही. आधी बोली ठरते. एसएमबी नावाच्या नियमावलीत मागणारा पक्ष आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी पुढे ठेवतो आणि देणारा पक्ष त्यातली एक निवडतो. या यादीतल्या सर्वांत प्रसिद्ध बोलीचे नाव ‘एनटी एलएम ०.१२’. जगातल्या कचेऱ्यांचे कागद वर्षानुवर्षे या बोलीतून इकडून तिकडे गेले, तरी तिचा आकडा पूर्ण एकपर्यंत कधी पोचला नाही. यादीतली दुसरी एक नोंद ‘एसएमबी २.???’ अशी आहे. ही तीन प्रश्नचिन्हे छपाईची चूक नव्हेत, ती अधिकृत संहितेत आहेत. ‘मला दुसऱ्या पिढीतली काहीतरी बोली येते, नेमकी कोणती ते पुन्हा बोलू’ असा त्यांचा अर्थ. वाटाघाटीत इतका प्रामाणिकपणा माणसांमध्ये आढळत नाही. एकही बोली पटली नाही, तर देणाऱ्याने ६५,५३५ हा आकडा परत करावा, असा जुना विधी आहे. सोनोस या स्पीकरच्या कंपनीच्या संग्रहसूचीत ६५,००० गाणीच मावतात. या दोन आकड्यांच्या जवळिकीवर एखाद्याची पीएचडी सहज होईल, पण आम्ही तो मोह आवरतो. आजकालचे सर्व्हर तर आकडाही परत करत नाहीत, सरळ फोन ठेवतात.

म्हणजे प्रतियोगी शेअर नव्हे, समान बोली होय. हा सिद्धांत.

बोली का तुटली, हे समजण्यासाठी थोडा इतिहास. एसएमबी १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांच्या हातून जन्मली आणि मायक्रोसॉफ्टच्या घरी वाढली. कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१-९२ मध्ये तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून तिचा स्वतंत्र अवतार रचला. तो पुढे सांबा झाला. आज बहुतेक घरगुती नॅसच्या पोटात लिनक्स आणि सांबा असतो, स्ट्रीमरच्या पोटातही बहुधा लिनक्सच असतो. लिनक्सच्या कुळाला एनएफएससारखी घरची भाषा उपलब्ध असताना या दोघी मायक्रोसॉफ्टच्या बोलीत बोलतात. दादरच्या फलाटावर दोन मराठी माणसे एकमेकांना ‘भाईसाब, ठाणा जाएगा क्या’ असे विचारतात, त्यातलाच हा प्रकार.

पहिल्या पिढीच्या एसएमबीत शंभरावर आज्ञा होत्या. विंडोज व्हिस्टाबरोबर दुसरी पिढी आली तेव्हा त्या एकोणीसवर आणल्या. कर्मकांडाची एवढी छाटणी आमच्या वाचनात दुसरी नाही. प्रत्येक संदेशाच्या अगदी पहिल्या बाइटचा आकडा पहिल्या पिढीत २५५ असे, दुसरीत २५४ झाला, आणि तिसरीतल्या कूटबद्ध संदेशात २५३. पिढ्या सुधारत जातात आणि आकडा घटत जातो, हे पाहून युगऱ्हासवाद्यांना आनंद व्हावा की दुःख, याचा निर्णय आम्ही त्यांच्यावर सोपवतो.

जुनी बोली बंद करा, असे मायक्रोसॉफ्टचे नेड पाइल २०१६ पासून जाहीरपणे सांगत होते. जी उपकरणे अजून तीच मागतात त्यांची यादीही त्यांनी पुढे चालवली. पुष्कळांनी कानाडोळा केला. मग १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचे खंडणीखोर सॉफ्टवेअर आले. जुन्या बोलीतल्या एका भोकातून ते शिरले, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे संगणक त्याने कुलूपबंद केले, आणि दीडशेवर देशांत पोचले. त्या भोकाला ठिगळ १४ मार्चलाच निघालेले होते, पण अनेकांनी ते लावले नव्हते. त्याच वर्षी विंडोज १० ने नव्या मांडणीत जुनी बोली मुळातून बसवणेच थांबवले. आणि जिथे ती उरली तिथे पंधरा दिवस कोणी वापरली नाही तर तिचा मागणारा भाग आपोआप काढून टाकण्याची सोय केली. पंधरा दिवस म्हणजे साधारण पितृपक्ष. लिनक्सच्या गाभ्याने ४.१३ या आवृत्तीत न विचारता जुनी बोली धरण्याची सवय सोडली, आणि २०१९ मध्ये सांबाच्या ४.११ ने तिला मूळ मांडणीतून वगळले. रुग्णालयांतला दरोडा आणि तुमच्या दिवाणखान्यातला मारवा यांच्यातली ही कार्यकारणशृंखला. सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला उणेपुरे दीड मेगाबिट पुरतात. जुनी बोली त्यासाठी वेगाने पुरेशी होती. ती गेली ती चारित्र्यावरून.

वियोग दोन दिशांनी होतो. कधी नॅस सुधारतो आणि स्ट्रीमर मागे राहतो. सोनोसची जुनी पिढी, जिला २०२० पासून एस-१ म्हणतात, संग्रहासाठी पहिल्याच बोलीत बोलते, आणि तिच्याकडून नवी शिकण्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. कधी उलट घडते: स्ट्रीमर सुधारतो, आणि दहा वर्षे निमूट चाललेला नॅस अडाणी ठरतो. दुसरा प्रकार अधिक करुण आहे, कारण त्या नॅसचा निर्माता त्याला कधीच विसरलेला असतो.

याच प्रकरणात एक उपविषय आहे आणि तो आम्हाला विशेष प्रिय आहे: निवडणूक. जुन्या काळी नेटवर्कमध्ये कोण कोण आहे याची यादी ठेवण्यासाठी घरातली यंत्रे आपसांत निवडणूक घेत. ज्याची प्रणाली वरच्या दर्जाची ते जिंके. बरोबरी झाली तर जे जास्त वेळ चालू आहे ते. विजयी यंत्राला मास्टर ब्राउझर म्हणत. दर बारा मिनिटांनी प्रत्येकाने हजेरी द्यायची. सलग तीन हजेऱ्या चुकल्या की नाव कापायचे, पण दुय्यम यादी पंधरा मिनिटांनी ताजी होत असल्यामुळे बंद पडलेल्या यंत्राचे नाव एक्कावन्न मिनिटांपर्यंत यादीत राहू शके. मतदारयादीत मृतांची नावे राहण्याला तांत्रिक आधार मिळतो तो इथेच. ही सारी लोकशाही पहिल्या बोलीवर टेकलेली होती. बोली गेली तशी निवडणूकही गेली. म्हणून पुष्कळदा नॅस यादीत दिसत नाही, पण त्याचा आकडी पत्ता हाताने टाकला की दार उघडते. पूर्वपक्षातल्या चारही संप्रदायांना हे सुचत नाही, म्हणून नोंदवले.

आता निर्णय. बोली बदलली हे योग्यच झाले. आमचा आक्षेप रीतीवर आहे. अपडेटसोबत येणाऱ्या टिपणात ‘स्थैर्य आणि कार्यक्षमतेत सुधारणा’ एवढेच लिहिलेले असते. ‘आजपासून मी जुन्या बोलीत बोलणार नाही, तुमचा नॅस जुना असेल तर आधी त्याची सोय करा’ हे एक वाक्य लिहायला जागा पुरली असती. घरमालकाला न सांगता घराची भाषा बदलणे हा उद्धटपणा आहे, आणि त्यावर पुन्हा ‘सापडला नाही’ म्हणून दोष वस्तूवर ढकलणे ही लबाडी. मे २०२४ मध्ये सोनोसने नवे अ‍ॅप आणले तेव्हा गजर, झोपेचा टायमर आणि घरच्या संग्रहातला शोध या सोयी एका रात्रीत नाहीशा झाल्या. दुरुस्तीला दोन ते तीन कोटी डॉलर लागतील, असे कंपनीनेच नंतर सांगितले आणि जानेवारी २०२५ मध्ये तिचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स पायउतार झाले. स्थैर्याचे मोल यावरून कळते.

शेवटी प्रायश्चित्ते. नॅसवर जुनी बोली पुन्हा चालू करणे हे पातक आहे, पण आपद्धर्म म्हणून क्षम्य. तेव्हाही त्या डिस्कवर फक्त गाणी असावीत, लिहिण्याची परवानगी नसावी, आणि बाहेरच्या जगाला दार बंद असावे. डीएलएनए या वेगळ्या नियमावलीचा सर्व्हर बसवला तर बोलीचा प्रश्नच उरत नाही, पण काही स्ट्रीमर त्या वाटेने दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर अडखळतात. विलंबित संपून द्रुत उचलताना पडलेली ती फट ज्याला सहन होते त्याने हा मार्ग धरावा. दोघींच्या मध्ये रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला संगणक ठेवून त्याला दुभाषा करणे हा उपाय तत्त्वतः निर्दोष आहे. एकच उणे, की पुढे त्या दुभाष्याचेही अपडेट येते.

चौथा उपाय शेजारचे आजोबा करतात. ते सगळी गाणी पेन ड्राइव्हवर घेतात आणि ती स्ट्रीमरच्या मागच्या भोकात खुपसतात. मारवा लागतो. मात्र या उपायाने वियोगच संपतो, आणि वियोग संपला की या शास्त्राला विषय उरत नाही. म्हणून त्याचा विचार परिशिष्टात करावा असे ठरले. परिशिष्टाला जागा मिळालेली नाही.