नगरी मापाने एडिनबरा

स्कॉटलंडच्या पुरुषांचा पारंपरिक किल्ट शिवायला आठ वार कापड लागतं. पारनेर तालुक्यातून एडिनबराला शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने ही माहिती व्हिडिओ कॉलवर घरी पुरवली. उभं आयुष्य नऊवारीत काढलेल्या त्याच्या आजीने लगेच उलटतपासणी सुरू केली. “काष्टा घालत्यात का?” नाही. “पदर?” तोही नाही. “मंग यवढ्या कापडाचं करत्यात तरी काय?” मागच्या बाजूला चुण्या घालतात, असं नातवाने सांगितलं. नुसत्या चुण्यांवर आठ वार उधळणाऱ्या देशात शिंप्यांची सोय चांगली बघितलेली दिसते, असा निष्कर्ष काढून आजी गोठ्याकडे गेली.

विद्यार्थ्याचं नाव इथे देत नाही. वडील माळकरी आहेत, आणि पुढे खाण्याचा विषय येणार आहे.

“तू कुठला?” या प्रश्नाला त्याच्याकडे तीन उत्तरं आहेत. पासपोर्टावर अहमदनगर, २०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर, आणि तोंडात नुसतं नगर. भारतीय भेटला तर तो “शिर्डीचा जिल्हा” म्हणून मोकळा होतो. सत्तरी ओलांडलेला ब्रिटिश माणूस भेटला, तर मात्र खिशातून हुकमाचा पत्ता निघतो: स्पाइक मिलिगन. ब्रिटिश रेडिओला वेड लावणारा हा विनोदवीर १९१८ साली नगरला जन्मला. मी आजारी आहे असं तुम्हाला सांगितलं होतं, अशी त्याची तक्रार त्याच्या थडग्यावर कोरलेली आहे. हा तिरकसपणा त्याला नगरच्या पाण्यातून मिळाला, असं विद्यार्थी ठासून सांगतो. पुरावा मागितला की तो स्वतःकडे बोट दाखवतो.

पारनेरहून एडिनबराला शिकायला जाणारा तो काही पहिला नव्हे. हा मान पांडुरंग महादेव बापटांचा, म्हणजे पुढच्या सेनापती बापटांचा. पारनेरला १८८० साली जन्मलेले बापट डेक्कन कॉलेजातून बी. ए. होऊन १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिनबराच्या हेरियट-वॉट कॉलेजात यंत्रशास्त्र शिकायला गेले. तिथे त्यांनी इंग्रजी राज्याबद्दल इंग्रजांनाच चार खऱ्या गोष्टी ऐकवल्या आणि शिष्यवृत्ती गमावली. मग लंडनचं इंडिया हाऊस, आणि तिथून पॅरिस. पॅरिसला लोक चित्रकला शिकायला जातात, स्वयंपाक शिकायला जातात, कपडे कसे बेतावेत ते शिकायला जातात. पारनेरचा हा मुलगा तिथल्या रशियन क्रांतिकारकांकडून बाँब करायला शिकला. साहित्य आणि कृती असलेली पुस्तिका घेऊन तो १९०८ साली मायदेशी परतला. परदेशातून पोरगा काय शिकून आला, याचं उत्तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना देणं कोणत्याही घराला इतकं अवघड गेलं नसेल.

पुढे याच बापटांनी मुळशीच्या धरणग्रस्तांसाठी सत्याग्रह केला आणि हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडले. स्टाइलशी त्यांचा संबंध आला तो मृत्यूनंतर, आणि तोही महानगरपालिकांच्या कृपेने. मुंबईत लोअर परळचा सगळ्यात झगमगीत मॉल सेनापती बापट मार्गावर आहे. पुण्यातलं पंचतारांकित हॉटेल सेनापती बापट रस्त्यावर आहे. परदेशातून पुण्यात शिकायला आलेली मुलंही याच रस्त्यावर घोळक्याने दिसतात. लाखाची पर्स जिथे मिळते त्या दुकानाच्या पत्त्यात झाडूवाल्या सेनापतींचं नाव असावं, असा विनोद मिलिगनलाही सुचला नसता.

असा पूर्वज लाभल्यामुळे आपल्या विद्यार्थ्यावर अपेक्षांचं ओझं होतं. त्याने सुरुवात खाण्यापासून केली.

हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, फुप्फुसं आणि हृदय बारीक करून, त्यात ओटची भरड, कांदा, चरबी आणि मिरपूड घालून, मेंढीच्याच कोथळ्यात भरून शिजवलेला पदार्थ. वर्गातल्या दिल्ली-मुंबईच्या मुलांनी हे वर्णन ऐकून पाण्याचे ग्लास उचलले. पारनेरकर मात्र एकदम घरी पोचला. वजडी, मुंडी, रक्ती यांच्यासमोर ज्याची जीभ घडली त्याला हॅगिस कसलं भिववणार? त्याची तक्रार वेगळीच होती. एवढा ऐवज हाताशी असताना या लोकांनी त्यात काळा मसाला का घातला नाही? बर्न्स नाइटला, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या वाढदिवशी, २५ जानेवारीला तर तो चाटच पडला. बॅगपाइपच्या गजरात हॅगिसचं ताट आलं, मंडळी उभी राहिली, एकाने ताटाकडे हात करून बर्न्सने हॅगिसवरच रचलेली अख्खी कविता म्हटली आणि ऐन रंगात येऊन त्यात सुरी खुपसली. आपल्याकडे बोकडाला वाजतगाजत नेतात ते त्याच्या हयातीत, आणि बोकडाला ते आवडत नाही. इथे मेंढीचा सत्कार तिच्या पश्चात होतो, तोही फक्त आतल्या सामानाचा.

हे सगळं घरी सांगायचं कसं, हा पेच एडिनबरानेच सोडवला. तिथल्या मॅकस्वीन या हॅगिसवाल्यांनी १९८४ साली शाकाहारी हॅगिस काढलं, आणि निमित्त काय, तर स्कॉटिश कवितेच्या ग्रंथालयाचं उद्घाटन! कवींच्या समारंभासाठी खास शाकाहारी पदार्थ शोधून काढण्याची वेळ मराठी साहित्यविश्वावर अजून आलेली नाही. त्यात मसूर, राजमा, ओट, बिया, भाज्या असतात. फोनवर विद्यार्थ्याने वडिलांना हेच हॅगिस वर्णन करून सांगितलं. वडील म्हणाले, “मग ही आपली शिपी आमटीच की. पाणी घालायचं विसरले वाटतं.”

ओटची लापशी स्कॉटिश माणूस पूर्वापार मीठ घालून खातो, हेही नगरी मनाला पटलं. हुलग्याचं माडगं पिऊन वाढलेल्याला त्यात परकं काहीच वाटत नाही. उलट लापशीत साखर घालणाऱ्या इंग्रजांकडे दोघेही, स्कॉट आणि पारनेरकर, सारख्याच संशयाने बघतात. बटाट्याच्या चिप्सवर एडिनबराचा माणूस मीठ आणि पातळसा तपकिरी सॉस मागतो, तर जेमतेम सत्तर किलोमीटरवरच्या ग्लासगोचा मीठ आणि व्हिनेगर. या प्रश्नावर दोन्ही शहरं एकमेकांना अडाणी समजतात. नगर-पुणे रस्त्यावर मिसळीवरून झालेले वाद ज्याने ऐकलेत, त्याला इथे मध्यस्थी करण्याचा मोह होणारच. त्याने ती केली आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

पण मार्स चॉकलेटचा आख्खा बार पिठात बुडवून तळतात, तिथे त्याचं डोकं चालेना. नव्वदच्या दशकात स्टोनहेवन या समुद्रकाठच्या गावातल्या माशांच्या दुकानात हा प्रकार निघाला आणि देशभर गाजला. आपण मिरचीची भजी करतो, कांद्याची करतो, अळूच्या पानालाही सोडत नाही, मग चॉकलेटचीच भजी आपल्याला का सुचली नाहीत? या न्यूनगंडाने तो दोन घास थांबला. तिसऱ्या घासाला दातांनी उत्तर दिलं.

चिकन टिक्का मसाल्याचं प्रकरण थोडक्यात उरकू. ग्लासगोच्या एका हॉटेलाचा दावा आहे की हा पदार्थ त्यांनी शोधला, आणि २००१ साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी त्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं होतं. पारनेरकराचं म्हणणं, खुशाल ठेवून घ्या. आम्ही हक्क सांगणार नाही.

एडिनबराच्या किल्ल्यावर मात्र त्याचा स्वाभिमान जागा झाला. तिथे ‘मॉन्स मेग’ नावाची जंगी तोफ आहे. १४४९ सालची, वजन सहा टनांच्या घरात, तोंडाचा व्यास सुमारे पन्नास सेंटिमीटर. पर्यटक तिच्यासमोर फोटो काढत असताना याने विनंती नसताना व्याख्यान सुरू केलं. बरोबर शंभर वर्षांनी, १५४९ साली, निजामशाहीच्या नगरात मुहम्मद रूमी नावाच्या तुर्की कारागिराने मुलूख-ए-मैदान तोफ ओतली. वजन पंचावन्न टन, तोंडाचा व्यास सत्तर सेंटिमीटर. आणि कलाकुसर म्हणाल तर तोफेचं तोंड हे सिंहाचं तोंड आहे, त्या जबड्यात हत्ती चिरडला जातोय! ऐकणाऱ्या स्पॅनिश जोडप्याने अदबीने विचारलं, नगरला गेलं की बघता येईल का? इथे व्याख्याता अडखळला. तोफ विजापुरात आहे. नगरात तयार झालेली चांगली चीज नगरात टिकत नाही, हे सांगायला त्याच्यापाशी त्या क्षणी दुसरं उदाहरणही होतं, पण ते त्याने दिलं नाही. १८५४ साली इंग्रजांनी ही तोफ लिलावात काढली तेव्हा बोली दीडशे रुपयांवर अडली आणि तेवढ्यासाठी कशाला विकायची म्हणून ती वाचली, हेही त्याने पोटातच ठेवलं.

उंचीच्या बाबतीत मात्र त्याला कोणी हरवू शकत नाही. ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस, १३४५ मीटर. अकोले तालुक्यातलं कळसूबाई, १६४६ मीटर. एकदा एवढं सांगून टाकलं की गिर्यारोहण मंडळातली मुलं त्याला कायमचा मान देतात आणि पुन्हा सहलीला बोलवत नाहीत.

कलेकडे तो उशिरा वळला, आणि वळला तो संग्रहालय फुकट आणि उबदार असल्यामुळे. नॅशनल गॅलरीत एक छोटंसं चित्र आहे, हेन्री रेबर्नच्या नावावर असलेलं. काळा कोट, काळी टोपी घातलेले एक धर्मोपदेशक हाताची घडी घालून, चेहऱ्यावर गंभीर भाव ठेवून, एका पायावर बर्फावरून घसरत चालले आहेत. या चित्रापुढे तो फार वेळ उभा राहिला. सप्ताहात काल्याचं कीर्तन करणारे आपले महाराज हाताची घडी घालून मुळा धरणावर असे घसरत निघालेत, अशी कल्पना त्याने करून पाहिली. कल्पनेतही महाराजांचा तोल गेला नाही, पण टाळकरी मात्र बिथरले. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या चित्राकडे बघून हसू आवरत नाही, ही त्याच्या मते चित्रकाराला दिलेली उत्तम पावती. शेजारी उभ्या असलेल्या कलाशाखेच्या मुलीने छायाप्रकाशाबद्दल काही सांगितलं. त्याने मान हलवली. नजर पायावरच होती.

त्याला खरोखर हलवून गेलं ते सर वॉल्टर स्कॉटचं स्मारक. एका कादंबरीकारासाठी एकसष्ट मीटर उंचीचा कोरीव मनोरा, वर चढायला २८७ पायऱ्या! शेजारच्या रेल्वे स्टेशनचं नाव वेव्हर्ली, तेही स्कॉटच्याच कादंबरीवरून. कादंबरीचं नाव स्टेशनला दिलं तर आपल्याकडे आधी जातीचा दाखला आणि मग न्यायालयाचा स्थगिती आदेश लागेल, असं त्याला वाटून गेलं. आणि त्याला नेवासा आठवलं. त्याच्याच जिल्ह्यात, तेराव्या शतकाच्या अखेरीला, ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका सांगितली. तिथे काय आहे? पाठ टेकायचा एक दगडी खांब. पैस म्हणतात त्याला. दुर्गाबाई भागवतांच्या ज्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचं नावही या खांबावरूनच. विद्यार्थी २८७ पायऱ्या चढून वर गेला, वाऱ्याने त्याची टोपी उडाली, आणि लेखकाला टेकायला खांब देणं ही वाचकांना जिने चढायला लावण्यापेक्षा बरी पद्धत आहे, असं धापा टाकत त्याने ठरवलं. माझं मत विचाराल तर मनोऱ्यावरून दिसणारं शहर फार देखणं आहे. पण धाप लागलेल्या माणसाशी वाद घालू नये.

पुन्हा कपड्यांकडे. १७४६ च्या कायद्याने ब्रिटिश संसदेने स्कॉटलंडमधल्या पुरुषांना किल्ट घालायला बंदी केली होती. ती १७८२ साली उठली. नंतर १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, तेव्हा याच स्कॉटच्या आग्रहावरून तो स्वतःच किल्ट घालून मिरवला, आणि थंडीपेक्षा लाजेसाठी आत गुलाबी तंग विजार. ज्या कपड्यासाठी आधी तुरुंग, तोच पुढे राजाच्या अंगावर! आज लग्नाला किल्ट भाड्याने मिळतो. विद्यार्थ्याने मित्राच्या लग्नात तो नेसला, डोक्याला फेटा बांधला, आणि स्वारी दोन्ही बाजूंच्या वऱ्हाडाला आपलीशी वाटली.

रोजच्या वापराला मात्र त्याला चॅरिटी शॉप सापडली. लोकांनी दान दिलेले जुने कपडे तिथे स्वस्तात विकतात आणि उत्पन्न धर्मादाय कामाला जातं. प्राध्यापक घेतात, विद्यार्थी घेतात, मोटारीतून उतरलेल्या बायका घेतात. लाज कोणालाच नाही. नगरच्या कापडबाजारात दिवाळीच्या खरेदीला तीन पिढ्या घेऊन जाणाऱ्या घरातला हा मुलगा पहिल्या दिवशी दारातूनच परतला. दुसऱ्या वेळी त्याने अस्सल ट्वीडचा कोट आणला, बारा पौंडांना, आणि आईला फोटो पाठवला.

आईने जुन्या साड्या बोहारणीला घालून आयुष्यभर पातेली जमवली आहेत. ते कपडे पुढे कुठे जातात, हे कोडं तिला आज सुटलं.

“कोट चांगला आहे रे,” ती म्हणाली. “पण ज्याचा होता तो आहे ना अजून?”

विद्यार्थ्याने दुकानाच्या पिशवीवरचं नाव वाचलं. शेवटच्या आजारातल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या एका संस्थेचं ते दुकान होतं.

“आहे की,” तो म्हणाला. “जाड झाला म्हणून दिला त्याने.”