जगात जर्मनी, भरतकामात परभणी

ज्याला भरता येत नाही त्याला भरलेली वस्तू भेट देणं सोपं. तो उजवी बाजू बघतो, "वा, छान," म्हणतो, "मशीनवर केलं का?" असं विचारून देणारीच्या दीड महिन्यावर पाणी ओततो आणि चहाकडे वळतो. पण जिला स्वतःला भरता येतं तिला भरलेलं देणं म्हणजे आचाऱ्याला घरी जेवायला बोलावणं. ती उजवी बाजू बघतच नाही. कागद सोडते, कापड उलटं करते, कपाळावरचा चष्मा नाकावर घेते. मागं गाठी किती, काळा दोरा पांढऱ्या कापडामागून किती लांब ओढत नेलाय, फुलीचा वरचा टाका सगळीकडं एकाच अंगाला झुकलाय का, हे सगळं तपासून झाल्यावर विचारते, "कुणासाठी भरलं हे?"

"तुमच्यासाठीच. वाढदिवसाचं."

"अगं माय!" मग कुठं कापड सुलटं होतं.

मानवत हे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कापसाची बाजारपेठ, जिनिंगचे कारखाने, एका अंगाला पाथरी, दुसऱ्या अंगाला परभणी. रेल्वे स्टेशनचं नाव 'मानवत रोड'. म्हणजे गाव इथं नाही, गावाला जाणारा रस्ता इथून आहे, हे रेल्वेनं पाटीवरच कबूल करून टाकलंय. अशा गावात जेवणं उरकल्यावर दुपारी हातात सुई घेणाऱ्या बायका हव्या तेवढ्या सापडतील. लेखापुरत्या पाच धरू: सगळ्यांत मोठ्या अक्का, निवृत्त मास्तरीणबाई, कोपऱ्यावरच्या वहिनी, आणि दोघी जावा, ज्यांच्या चुली वेगळ्या झाल्या पण दोऱ्याचा डबा अजून एकच आहे. नावं नकोत. एकीचं आधी आलं की चौघींचे रुसवे.

या पाच जणींचा नियम साधा: एकमेकींच्या वाढदिवसाला स्वतःच्या हातानं क्रॉस स्टिचमध्ये भरलेलं काहीतरी द्यायचं. रुमाल, उशीचा अभ्रा, तोरण, चौकटीतलं चित्र, काहीही. विकतचं चालणार नाही, रुखवतातून उरलेलं तर मुळीच चालणार नाही. आणि गुपित ठेवायचं.

गुपित! दुपारी चार वाजता पाचही जणी एकाच ओट्यावर बसतात. "काय भरायलीस गं?" असं कुणी विचारलं की "काही नाही, असंच," म्हणून कापड पदराखाली जातं. पण दोरा ज्या दुकानातून येतो ते दुकान एकच. भरणाऱ्या बायका रंगाचं नाव घेत नाहीत, नंबर घेतात. अँकरच्या दोऱ्यात काळा म्हणजे चारशे तीन. वहिनींनी चारशे तीनच्या तीन लड्या नेल्या, ही बातमी संध्याकाळपर्यंत ओट्यावर पोचते, आणि त्यावरून मास्तरीणबाई निदान करतात: इतका काळा म्हणजे मोर नाही, मांजर आहे, आणि मांजर धाकट्या जाऊबाईंशिवाय कुणाला आवडतं?

लडीला घरोघर 'रेशीम' म्हणतात. "जरा हिरवं रेशीम द्या." वास्तविक त्यात रेशमाचा एक तंतू नसतो, शंभर टक्के कापूस. ही फसवणूक जॉन मर्सर नावाच्या इंग्रजामुळं झाली. १८४४ मध्ये त्याला असं आढळलं की सुती धागा कॉस्टिक सोड्यात बुडवला की तो फुगतो, मजबूत होतो, रंग चांगला धरतो. १८५० मध्ये त्यानं पेटंट घेतलं. पुढं धागा ताणून धरून हीच प्रक्रिया करायला लागल्यावर त्याला रेशमासारखी चकाकी आली. म्हणून आठ मीटरची, सहा पदरांची ती सुती लडी मानवतला आली की रेशीम होते. आपल्याच जिनिंगमधला कापूस गाठी बांधून गेला आणि लडी होऊन परत आला, असं वाटून वहिनींचा ऊर भरून येतो खरा. पण असल्या दोऱ्याला लांब धाग्याचा कापूस लागतो. त्यामुळं हा अभिमान जरा आखूड धाग्याचाच म्हणायचा.

आता कामाचा हिशेब. बारीक मॅटीला, म्हणजे आयडा कापडाला, इंचात चौदा घरं. पाच इंच बाय पाच इंचाचं लहानसं चित्र म्हटलं तरी सत्तर गुणिले सत्तर, ४,९०० घरं. घराला एक फुली, फुलीला दोन टाके, आणि सुई चार वेळा कापडातून आरपार: १९,६०० फेऱ्या. तासाला दीडशे फुल्या धरल्या, तर बत्तीस-तेहतीस तास. यात फोन, दुधवाला, गॅसवरची भाजी आणि उसवण धरलेली नाही. उसवण फार वाईट. एक घर चुकलं की ते तिथंच चुकत नाही. पुढची अख्खी ओळ एकेक घर सरकते, आणि मोराची मान पूर्ण झाल्यावर कळतं की तिचा धडाशी काही संबंध उरलेला नाही. परभणीकडं जुनी म्हण आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. ती कुणी का केली असेल ते असो, भरणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. थोरल्या जाऊबाईंचा एक मोर असाच परभणी झाला आणि 'कोंबडी' म्हणून मास्तरीणबाईंना सप्रेम भेट गेला.

इथवर ठीक होतं. खरी अडचण तारखेची.

मराठवाड्यात साठीच्या पुढच्या चार माणसांना जन्मतारीख विचारा. त्यातले दोघं तरी '१ जून' म्हणतील. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराला गुरुजी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडं न्यायला सांगायचे. कान हाताला लागला की पोराला सहा पूर्ण. शाळा जूनमध्ये उघडणार, म्हणून तारीख टाकायची १ जून. अशी एक अख्खी पिढीच्या पिढी एका दिवशी जन्माला आली. आपल्या पाच जणींतल्या तिघी १ जूनच्याच: अक्का, मास्तरीणबाई आणि थोरल्या जाऊबाई. तिघींना प्रत्येकी चौघींकडून भेट, म्हणजे बारा नग. बारा गुणिले ४,९००: ५८,८०० फुल्या, आणि सगळ्या मे महिन्यात. परभणीचा मे! पारा बेचाळीसच्या वर, वीज गेलेली, तळहाताला घाम. पांढऱ्या मॅटीवर घामाचा पिवळा डाग पडला की तो भेटीचाच भाग होऊन बसतो. एकीनं लाल दोऱ्याचं गुलाब भरून कापड धुतलं, तर रंग असा सुटला की गुलाबाच्या जागी गुलकंद झाला.

यावर धाकट्या जाऊबाईंनी उपाय काढला, तिथीनं करू. तिथीत एक सोय असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेलीचा वाढदिवस २०२२ मध्ये ऑगस्टच्या अखेरीस पडला; २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि तोच वाढदिवस सप्टेंबरच्या मध्यावर गेला. अडीच-तीन आठवड्यांची मुदतवाढ, तीही पंचांगाच्या सही-शिक्क्यानिशी. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. भरणाऱ्या बाईला रजा मिळते हे या मंडळींनी शोधून काढलं.

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं इकडं छातीठोक म्हणतात. क्रॉस स्टिचपुरतं तरी यातलं अर्धं वाक्य खरं आहे. चौकटीच्या कागदावर नक्षी आखून, एकेक घर हातानं रंगवून विकायची टूम निघाली ती बर्लिनमध्ये. १८०४ च्या सुमारास फिलिपसन नावाच्या चित्रविक्रेत्यानं असे नमुने बाजारात आणले. त्यापुढं 'बर्लिन काम' युरोपभर इतकं बोकाळलं की कोच, चपला, कंदिलाखालचे रुमाल, काही भरायचं शिल्लक राहिलं नाही. आयडा कापड विकलं ते झ्वाइगार्ट या जर्मन कंपनीनं. दोऱ्यातलं मोठं नाव डीएमसी. ही पेढी १७४६ मध्ये मुलूझला सुरू झाली, आणि ते गाव आज फ्रान्समध्ये असलं तरी १८७१ ते १९१८ जर्मनीतच होतं. उरलेलं अर्धं वाक्य मानवतकरणी सिद्ध करतातच आहेत.

जर्मनीचा विषय निघालाच आहे तर मेजर अॅलेक्सिस कॅसडॅग्लींना गाळता येत नाही. हा इंग्रज अधिकारी १९४१ मध्ये क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडला. कैदेत वेळ जाईना म्हणून त्यानं उसवलेल्या स्वेटरचा दोरा मिळवला आणि त्या डिसेंबरात क्रॉस स्टिचचा एक तुकडा भरला. त्यावर गरुड, स्वस्तिक, सगळं शिस्तीत. कडेनं ठिपके आणि रेघांची नाजूक किनार. पहारेकऱ्यांना काम इतकं आवडलं की त्यांनी ते भिंतीवर लावलं. किनार मोर्स लिपीत होती. तिच्यात इंग्लंडच्या राजाला दीर्घायुष्य चिंतलेलं होतं आणि हिटलरला एक कचकचीत शिवी होती. मराठीत शिवी छापायची वेळ आली की तिच्या जागी फुल्या घालतात. या गृहस्थानं फुल्या घालूनच शिवी हासडली. ही गोष्ट मास्तरीणबाईंनी ओट्यावर सांगितली तेव्हापासून दोघी जावा एकमेकींच्या भेटीची किनार फार बारकाईनं वाचतात.

भरणारीनं भरणारीला दिलेली भेट नेहमी लागू पडतेच असं नाही. स्कॉटलंडची राणी मेरी आणि इंग्लंडची राणी एलिझाबेथ दोघींच्या हातात कला होती. एलिझाबेथनं तर वयाच्या अकराव्या वर्षी सावत्र आईला द्यायच्या वहीचं कव्हर स्वतः भरलं होतं. ते ऑक्सफर्डला अजून आहे. तिच्याच कैदेत पडलेल्या मेरीनं १५७४ मध्ये लाल साटिनचा घागरा रुपेरी दोऱ्यानं भरून तिला पाठवला. भेट आवडल्याचा निरोप आला. तेरा वर्षांनी एलिझाबेथनं मेरीचा शिरच्छेद करवला. ही हकीकत ऐकून वहिनींनी एकच प्रश्न विचारला: "मागची बाजू बघितली असंल का हो तिनं?"

पण ओट्यावर मानाचं पान मिळालं ते जेन बोस्टॉक या बाईला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये तिनं भरलेला एक कापडाचा तुकडा आहे. नमुने, अक्षरं, कुत्रा, हरीण, असं पुष्कळ काही त्यावर आहे. आपल्याकडं शाळेत कार्यानुभवाच्या तासाला टाक्यांचे नमुने करून घ्यायचे ना, तसंच, फक्त शिक्षकाच्या धाकाशिवाय. साल घातलेला इतका जुना इंग्रजी नमुना दुसरा माहीत नाही. साल १५९८. आणि त्यावर भरून ठेवलंय की अॅलिस ली हिचा जन्म २३ नोव्हेंबर १५९६ रोजी, मंगळवारी, दुपारी झाला.

अक्कांनी आधी पत्रिकेच्या अंगानं विचार केला. "नुसतं 'दुपारी'? गुरुजी काय लग्न काढतील त्यावरनं?" मग बोटं मोजली. शहाण्णव... सत्त्याण्णव... अठ्ठ्याण्णवला भरलं. पोरगी तोवर चालायला लागली असेल, बोलायला लागली असेल, कदाचित भेट कुठं आहे म्हणून विचारतही असेल. सगळ्यांत जुना म्हणून काचेत ठेवलेला नमुना, आणि तोसुद्धा दोन वर्षं उशिरा! ओट्यावर समाधानाची अशी लाट आली की दोघी जावांनी मेमधल्या थकलेल्या तीन भेटी तिथल्या तिथं पुढच्या संक्रांतीवर ढकलल्या.

अक्कांना मात्र उशिरा कुणी देऊच शकत नाही. त्यांचा जन्म रझाकारीतला. कागदावर १ जून आहे, पण आई सांगायची की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. आता साल रझाकारी आली ते की गेली ते, यावर माहेरी दोन पक्ष होते, आणि दोन्ही पक्ष आता हयात नाहीत. त्यामुळं अक्कांच्या भेटीला सगळ्या निवांत असतात.

यंदा चौघींनी मिळून अक्कांसाठी एकच मोठं काम केलं. तुळशी वृंदावन, दोन बाजूंना पणत्या, खाली पोळ्याची बैलजोडी. शिंगांना चारशे तीन, झुलीला तांबडा, आणि तो या वेळी आधीच मिठाच्या पाण्यातून काढलेला. जेन बोस्टॉकची नक्कल म्हणून खाली अक्कांचं नाव भरलं आणि जन्मतारखेपाशी येऊन सुई थांबली. अक्कांचा नातू आधार कार्ड घेऊन आला. "हे बघा, लिहिलंय की. १ जून."

"ती गुरुजींची तारीख हाय," अक्का म्हणाल्या, "माझी नाही."

त्यांनी कापड उलटं केलं, बराच वेळ बघितलं. बैलाच्या डाव्या खुराशी एक गाठ सापडली. ती कुणाची यावर चौघी एकमेकींकडं बघत राहिल्या. अक्कांनी ती सुईच्या टोकानं सोडवली, दोरा टाक्यांखालून ओवून घेतला आणि चौकट करायला द्यायला निघालेल्या वहिनींना थांबवलं. तारखेची घरं तशीच मोकळी ठेवायला सांगितली. काच नको म्हणाल्या. ते आता त्यांच्या पलंगावर नुसतंच खिळ्याला टांगलेलं आहे, खालच्या कोपऱ्यात चारशे तीन ओवलेली सुई टोचून.