वर्षभर फुलतं, मॅडम

म्हैसूरच्या कुठल्याही नर्सरीत जा आणि कुठल्याही रोपाकडे बोट दाखवून विचारा, "याला फुलं कधी येतात?" उत्तर ठरलेलं. "वर्षभर फुलतं, मॅडम." मोगरा? वर्षभर. शेवंती? वर्षभर. एकदा मी मुद्दाम कडीपत्त्याकडे बोट दाखवलं. नर्सरीवाला जराही न अडखळता म्हणाला, "वर्षभर."

त्याला खोटं पाडायचीही सोय नाही, कारण हवाच तशी. उंची सुमारे ७७० मीटर, उन्हाळा पस्तिशीच्या आसपास दमतो, थंडी शालीपलीकडे जात नाही, आणि वर्षाचा सुमारे ८०० मिलिमीटर पाऊसही हप्त्याहप्त्यानं येतो. आमच्या साताऱ्याकडे झाड मेलं की सांगायला काहीतरी असतं. ऊन लागलं, विहीर आटली, गारा पडल्या. इथे सबबच उरत नाही. म्हैसुरात झाड मेलं तर ते तुमच्या स्वभावामुळे मेलं, असं सगळी गल्ली धरून चालते.

माझी बाग साताऱ्याहून सासूबाई चालवतात, हातात पंचांग आणि फोन घेऊन. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागला की विचारणा होते, "पेरलंस का गं?" आता त्यांना कसं सांगू, की इथला पाऊस एप्रिलअखेरीलाच येऊन बसतो! भरणी नक्षत्राचा पाऊस झाला तर सगळी धरणी पिकते, अशी कन्नडमध्ये म्हण आहे. आमच्या अंगणात निदान तण तरी गुडघाभर पिकतं. मे महिना चिंब. मग जून-जुलैत, अख्खा महाराष्ट्र धो धो भिजत असताना, इथे नुसते ढग. पाऊस पलीकडे कोडगूच्या डोंगरात पडून घेतो आणि आमच्याकडे कावेरीमार्फत निरोप पाठवतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याला पुन्हा आमची आठवण होते.

"मग मृगात करतेस तरी काय?"

"छत्री वाळवते."

त्यांचा-माझा मेळ बसतो तो एका हस्तातच. साताऱ्याला त्या दिवसांत पाटावर हत्ती काढून पोरी त्याभोवती फेर धरतात. इथे तर प्रत्यक्ष हत्तीच सयाजीराव रोडवरून दसऱ्याची तालीम करत चालतात. ७५० किलोची अंबारी पेलायची सवय व्हावी म्हणून पाठीवर वाळूची पोती असतात. लोक हत्तीचे फोटो काढतात. मी हत्तीनं मागे काय ठेवलं ते बघते. इतकं अव्वल खत डांबरावर वाया जाताना पाहवत नाही. पण बादली धरायला नवरा तयार नाही. "ऑफिसातलं कुणी बघेल," म्हणतो.

हा रस्ता बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा, आणि इथल्या बागांचंही बडोद्याशी नातं आहे. गुस्ताव हेर्मान क्रुम्बीगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ साली आले ते सयाजीरावांच्या चाकरीत, आणि तिथून पुढे म्हैसूर संस्थानात. वृंदावन गार्डनच्या आखणीशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. बंगळूरच्या रस्त्यांवर एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशी वर्षभराची साखळी बांधण्याची कल्पनाही त्यांचीच मानतात. म्हणजे 'वर्षभर फुलतं' हे खरं करून दाखवायला जर्मनीचा माणूस, दोन संस्थानं आणि शेकडो झाडं लागली. नर्सरीवाला तेच एका काळ्या पिशवीत देतो.

खरी गोम अशी, की इतक्या मऊ हवेत झाडं फुलत नाहीत, नुसती वाढतात. सुखवस्तू घरातल्या एकुलत्या एक पोरासारखी अंगानं भरतात आणि कामाचं नाव काढत नाहीत. तेव्हा हवा करत नाही तो जाच माळ्यानं करायचा. हे मला शेजारच्या निवृत्त मेष्ट्रूंनी, म्हणजे मास्तरांनी, शिकवलं. इथली मल्लिगे, आपल्या जाई-मोगऱ्याची बहीण, म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हे, म्हैसूर मल्लिगेला भौगोलिक मानांकन आहे. त्या मल्लिगेच्या वेलासमोर उभे राहून नोव्हेंबरअखेरीला मेष्ट्रूंनी फर्मान काढलं: छाटा, पाणी तोडा, उरलेली पानं ओरबाडा.

"सर, मरेल की हो!"

"नोडोणा," मेष्ट्रू म्हणाले. बघू या. निवृत्त शिक्षकाच्या तोंडचं 'बघू या' फार भयंकर असतं, त्यात चाळीस वर्षांचे निकाल असतात.

फेब्रुवारी संपताना त्या काटक्यांवर कळ्यांचे झुबके आले. मग मी चेकाळले. बोगनवेलीलाही तहानेनं व्याकूळ केलं आणि ती गच्चीपर्यंत राणी रंगात पेटली. मेच्या पावसानं तिला पोटभर पाजलं आणि आठवड्यात सगळा रंग गळून नुसता हिरवा पाला उरला. आकाशाला शिस्त नाही, दुसरं काय.

शेवंतीचा जाच वेगळ्या जातीचा. तिला उपाशी ठेवून भागत नाही, तिला अंधार लागतो. रात्र लांबली की कळ्या धरायच्या, असा तिचा हिशेब. आमच्या फाटकावर रस्त्याचा नवा पांढराशुभ्र दिवा आला आणि त्याच्या उजेडातल्या कुंड्यांना ऑक्टोबर उलटला तरी रात्र झाल्याचं कळेना. मागच्या दाराच्या कुंड्या मात्र फुलून मोकळ्या. तेव्हा नवऱ्याची जुनी काळी छत्री काढली. रोज संध्याकाळी दिवेलागणीला शेवंतीवर छत्री उघडायची, सकाळी मिटायची. पाऊस नसताना झाडाला छत्री धरणारी बाई म्हणून गल्लीत माझी ओळख कायम झाली आहे. पाऊस असतानाही धरते, पण ते कुणी लक्षात घेत नाही.

झेंडूबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जुलैअखेरीला बी टाकलं की दसऱ्याला फुलतो आणि ऐन दसऱ्याच्या पावसात पाणी पिऊन माना टाकतो. मग तोरणासाठी देवराज मार्केट गाठायचं. गोगलगायींबद्दल तर बोलायचंच नाही असं मी ठरवलं आहे. त्या खरोखर वर्षभर असतात.

आणि एवढं सगळं करून, फाटकाजवळ काय लावायचं हे हवा, माती, मी, सासूबाई, मेष्ट्रू यांपैकी कुणीच ठरवत नाही. ते पहाटे फिरायला निघणारी भाविक मंडळी ठरवतात. एका हातात प्लॅस्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात आकडी. अबोली त्यांना वाकून तोडावी लागते म्हणून ती टिकते, सोनचाफा आकडीच्या टप्प्यात येतो म्हणून टिकत नाही. तांबडी जास्वंद म्हणजे तर सार्वजनिक मालमत्ता. परवा दूध आणायला फाटक उघडलं, तर एक आजी जास्वंदीची फांदी वाकवून शांतपणे फुलं खुडत होत्या. मला पाहून थबकल्या नाहीत, उलट बरं झालं भेटलीस असा चेहरा केला. पिशवी उघडून आतली फुलं मला दाखवली.

"बघ, किती बारीक झालीत अलीकडे," त्या म्हणाल्या. "गोब्बर हाकम्मा. खत घाल जरा झाडाला. आणि उद्यापासून ते दुधाचं लवकर आटपत जा, फाटकाच्या आवाजानं माझा जप मोडतो."