दानपेटीची किल्ली घरातच

विमानतळाची धावपट्टी वाढवायला गडमुडशिंगीची ६४ एकर जमीन लागणार म्हटल्यावर गावात दोन गोष्टी वर गेल्या: गुंठ्याचा भाव आणि धर्मबुद्धी. भावाचं समजू शकतं. पण म्हाईच्या वर्गणीला पाचशेची नोट काढताना ज्यांचा हात खिशातच अडकायचा, ते आता चारचौघांत ‘समाजाचं देणं’ वगैरे बोलायला लागले, की समजावं, घरात वाटणीचा विषय निघालाय.

उपाय तयार असतो. कै. वडिलांच्या नावानं चॅरिटेबल ट्रस्ट. अध्यक्ष अण्णा, उपाध्यक्ष वहिनी, सचिव थोरला, खजिनदार धाकटा, सदस्य दोन्ही सुना. उद्देशांत शिक्षण, आरोग्य, वृक्षारोपण, महिला सबलीकरण. सबलीकरणात घरच्या लेकी मात्र नाहीत. त्यांना उद्घाटनाला बोलवायचं, साडी द्यायची, फोटोत मध्ये उभं करायचं.

वकिलाच्या टेबलापुढं बसलेले एक अण्णा मी जवळून ऐकलेत.

“वकीलसाहेब, तीन एकर ट्रस्टला देऊन टाकायची. कसणार आम्हीच. उसाचं बिल आमच्याच खात्यावर यायला पाहिजे.”

“आणि लेकींचं काय?”

“त्या सुखात हायत. त्यांच्या सह्या घ्यायच्या भानगडीत पडायला नको, म्हणून तर ह्यो खटाटोप.”

“जमीन कुणाची?”

“आज्ज्यापास्नं आमचीच की!”

“आज्ज्यापास्नं आली असंल तर ती तुमच्या एकट्याची कुठं राहिली?”

अण्णा गप्प झाले. चहा येईपर्यंत गप्पच होते.

वकिलानं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच. तोही जन्मानं. वडील तेव्हा हयात असोत-नसोत, हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगून टाकलं. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला धर्मकार्यासाठी जमीन देता येते, पण थोडी, झेपेल एवढी. सगळं रान देवाला वाहून लेकींना हात हलवत परत पाठवायची सोय हिंदू कायद्यात आधीही नव्हती. स्वतः कमावलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ते कुणालाही द्या, नाहीतर मांजराच्या नावानं दवाखाना काढा.

दुसरी मेख सातबाऱ्यावर. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकायलाच नव्हे, बक्षीस द्यायलाही कुळकायदा आडवा येतो, परवानगी लागते. आणि ट्रस्ट काही बांधावर जन्मलेला शेतकरी नव्हे. गंमत अशी, की याच कुळकायद्यानं ट्रस्टवाल्यांना एकदा मोठा दरवाजा उघडा ठेवला होता. १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनी कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. पण शिक्षणसंस्था, दवाखाना, पांजरपोळ किंवा देवस्थानाच्या नोंदणीकृत ट्रस्टची जमीन, तिचं सगळं उत्पन्न त्याच कामाला लागत असेल तर, त्यातून सुटू शकत होती. किती मालकांना त्या सुमारास गायीची दया आली असेल, याचा हिशेब कुणी मांडल्याचं ऐकिवात नाही.

त्याहून जुनी युक्ती देवाची. देवस्थान इनामाची जमीन देवाच्या नावानं, वहिवाट पुजाऱ्याच्या घराण्याकडं, भाऊबंदांत पाळ्या लावलेल्या. देव कायद्याच्या नजरेत कायमचा अज्ञान. त्यामुळं तो सज्ञान होऊन हिशेब मागायची धास्ती नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की मालक देव आहे, पुजारी नव्हे, आणि मालकीच्या रकान्यात देवाचंच नाव हवं.

असो. इस्टेटीची नीट सोय लावायला काय हरकत आहे? काहीच नाही. १८८२ च्या कायद्याखाली खासगी ट्रस्ट करता येतो. मतिमंद मुलगा, एकटी राहिलेली बहीण, बारा वर्षांची नात, यांच्यासाठी तो खरोखर उपयोगी. नोंदणी करून करा किंवा मृत्युपत्रात लिहा. त्यात लपवायचं काही नाही. पण खासगी ट्रस्टला वयाची मर्यादा असते, तो पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवता येत नाही. सार्वजनिक धर्मादाय ट्रस्ट मात्र अमर. आमच्या अण्णांचा डोळा नेमका या अमरत्वावर. अमरत्व सार्वजनिकाचं पाहिजे, ऊस खासगी पाहिजे.

तसं होत नाही. धर्मादाय आयुक्तांकडं एकदा नोंद झाली की जमीन विकायची तर त्यांची पूर्वपरवानगी, शेती दहा वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर परवानगी, विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज. करमाफी हवी तर उत्पन्नातला ८५ टक्के भाग कामावर खर्च करायचा, आणि पैसा विश्वस्ताच्या घरात वळला की माफीवर गदा. कंटाळून ट्रस्टचं धर्मादायपण सोडावं म्हटलं, तर २०१६ पासून साठलेल्या संपत्तीवर चढ्या दरानं कर. घरातून बाहेर पडलेला पैसा घरात परत आणायला सरकार भाडं मागतं म्हणायचं.

अण्णांचं ठरलेलं उत्तर असतं, “टाटांनी नाही का केलं?” केलं की. सर रतन टाटांचा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजींचा १९३२ चा. दोघांनाही मूलबाळ नव्हतं, दोघांचीही संपत्ती गेली ती गेलीच. आज टाटा सन्सचा सुमारे ६६ टक्के हिस्सा टाटांच्या ट्रस्टांकडं आहे. शिवाय घरच्यांनाच आजन्म विश्वस्त करून ठेवायचं म्हटलं, तर १ सप्टेंबर २०२५ पासून महाराष्ट्रानं कायदा बदललाय: न्यासपत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर आजन्म विश्वस्त एकूण संख्येच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नकोत. म्हणजे आठांत दोन. आमच्याकडं सहांत सहा आणि सातवे भिंतीवरचे आजोबा.

आणि टाटा कशाला, कुंभोज फार लांब नाही. तिथं जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. तिथं सोनं घरातून संस्थेत गेलं. आता संस्थेच्या गाडीतून सोनं आणायला जातात.

चहा संपल्यावर वकिलानं अण्णांना सरळ सांगितलं, वडिलोपार्जित जमिनीचं वाटप करा, लेकींना त्यांचा हिस्सा द्या, तुमच्या वाट्याचं मृत्युपत्र करा. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. त्यातला अर्धा एकर खरंच दान करायचा असेल, तर गावातली शाळा आहेच, वेगळा ट्रस्ट कशाला?

“शाळेला दिली तर कमिटीत किती नावं घेतील आमची?”

“एकही नाही.”

अण्णांनी कपाळाचा घाम पुसला, कागदांची पिशवी काखेत मारली आणि दारातून वळून विचारलं, “बरं, मग सोसायटी काढली तर?”