स्किमर-निवडीचा शास्त्रोक्त विधी

हॉलमध्ये पंधराशे लिटरचा, खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांचा रीफ टँक बसवायचं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांना शहाणपणाचा सल्ला द्यायची वेळ टळून गेलेली असते. दीड टन पाणी, वर काच, खडक आणि वाळू, एवढा भार स्लॅबवर येतोय हे सोसायटीच्या चेअरमनना कळेपर्यंत निदान प्रोटीन स्किमर तरी नीट निवडून व्हावा, एवढ्या माफक हेतूने हे मार्गदर्शन.

यंत्र काय करतं ते आधी समजून घ्यावं, म्हणजे दुकानात योग्य जागी मान डोलावता येते. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतल्या उकळत्या रसात भेंडीचं चिकट पाणी घालतात, मळी फेसाबरोबर वर येते आणि झाऱ्याने ती काढून टाकतात. स्किमर हेच काम चूल न पेटवता, चोवीस तास करतो. माशांची घाण, उरलेलं खाणं, प्रवाळांनी सोडलेला बुळबुळीत स्राव, यातल्या पुष्कळ रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळ काढत असतं. बुडबुडा भेटला की पळपुटं टोक त्यात घुसतं. असे असंख्य बुडबुडे यंत्राच्या गळ्यातून वर चढतात, फुटतात आणि वरच्या कपात गडद तपकिरी पाणी साठतं. कुजून त्याचा अमोनिया आणि पुढे नायट्रेट होण्याआधीच माल बाहेर. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, पटकन एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून हे साधतं. गोल्डफिशवाल्यांनी इथेच वाचन थांबवायला हरकत नाही.

आता खोकं हातात घ्यावं. त्यावर बहुधा तीन आकडे असतात. तेच यंत्र मासे मोजके असतील तर तीन हजार लिटरला पुरतं, बेताचे असतील तर दोन हजाराला, आणि गर्दी असेल तर हजारालाच धापा टाकू लागतं. आपण कोणत्या रकान्यात बसतो हे ग्राहकाने स्वतःच ठरवायचं असतं, आणि आजवर सगळे पहिल्याच रकान्यात बसत आलेले आहेत. “आमच्याकडे मासे मोजकेच,” असं सांगणाऱ्याच्या टँकमध्ये सहा टँग मासे फिरत असतात, आणि घरातला प्रत्येक जण जाता-येता चिमूटभर खाणं टाकत असतो. आजोबा दोनदा टाकतात, कारण पहिली चिमूट त्यांच्या लक्षात नसते. म्हणून लिटर मोजण्याआधी दिवसाकाठी टँकमध्ये किती खाणं पडतं ते मोजावं. हा आकडा कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो.

यावर “मग सगळ्यात मोठाच घेऊ” हा मराठी माणसाचा बाणा जागा होतो. बाणा आवरावा. गळा फार रुंद आणि पाण्यात मळ थोडा असला की फेस वर चढून टिकत नाही, मध्येच बसतो. मालक रोज रात्री बॅटरी घेऊन कोरडा कप पाहतो आणि शेवटी स्किमरला काम मिळावं म्हणून मासे वाढवतो. मासे वाढले की स्किमर लहान पडतो. दुकानदाराच्या मुलांची शिक्षणं अशाच रीतीने होतात.

उंचीचं प्रकरण मात्र गंभीर आहे. स्किमर पासष्ट सेंटीमीटरचा आणि कॅबिनेट आतून सत्तर, म्हणजे छान बसला, असं सुतार म्हणेल. बसतो खराच, पण त्याचा कप वरच्या दिशेने उचलून काढायचा असतो आणि त्याला आणखी वीतभर तरी जागा लागते. हे बहुतेकांना टँक भरून झाल्यावर, कॅबिनेटमध्ये डोकं घालून, एका हाताने कप धरलेला असताना कळतं. त्या अवस्थेत फळी कापायला सुताराला बोलावणं हा विधीचा भाग नाही, तरी तो पुष्कळांच्या हातून घडतो.

न्यू जर्सीच्या भाच्याकडून स्किमर मागवण्याचा मोह प्रतिष्ठित घराण्यांत आढळतो. भाचा तो बॅगेतून आणतो, विमानतळावर त्याच्या नळ्यांकडे बोट दाखवून प्रश्न विचारले जातात, आणि घरी आल्यावर लक्षात येतं की पंप 110 व्होल्टचा आहे. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जुळतात, पण तिकडची वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. साधी एसी मोटर त्या हिशोबाने एक-षष्ठांश हळू फिरते, पंपातलं बुडबुडे करणारं सुयांचं चाक हवा कमी ओढतं आणि फेस परदेशात राहून गेल्याची हुरहूर लागते. डीसी पंप असेल आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर दोन्हीकडे चालणारा असेल तरच भाच्याला तसदी द्यावी.

बसवतानाही थोडं पथ्य पाळावं. टँकखालच्या टाकीच्या, म्हणजे सम्पच्या, ज्या कप्प्यात पातळी हलत नाही, तिथेच स्किमर ठेवावा. बाष्पीभवनाने पाणी घटतं ते वर पाणी परत चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात, तिथे स्किमर रोज वेगळा वागतो. वीज गेली की वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं. वीज येते तेव्हा स्किमर त्या चढलेल्या पातळीतच सुरू होतो, फेस उसळतो आणि आठवडाभराची कमाई कपावरून सांडून परत पाण्यात जाते. पाच-दहा मिनिटं उशिरा चालू करणारा टायमर लावला तर हे टळतं, आणि तो भाच्याच्या तिकिटापेक्षा बराच स्वस्त पडतो. नवा स्किमर पहिला आठवडा-दोन आठवडे नखरे करणारच. खोबरेल तेलाचा हात पाण्यात गेला तर फेस तासन् तास बसतो, तेव्हा केसांना तेल आणि टँकला हात यांत अंतर ठेवावं.

प्रवाळ मात्र कुठूनही आणू नये. आपल्या समुद्रातलं प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदोपत्री वाघाच्या पंगतीत. मालवणला स्नॉर्कलिंग करून खिशातून तुकडा आणणाऱ्याला स्किमरची नव्हे, वकिलाची निवड करावी लागते.

एवढं सगळं करून हाती काय लागतं? पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी 2009 मध्ये काही स्किमरांची मोजणी प्रसिद्ध केली. पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनापैकी साधारण 20 ते 30 टक्केच ही यंत्रं काढू शकली, बाकीचा जागचा हलला नाही. स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांनी तर शेवाळाच्या जाळ्या लावून, आणि जाँ जोबेर यांनी मोनाकोत वाळूच्या थराखाली पाण्याची पोकळी ठेवून, स्किमरशिवायच प्रवाळ वाढवलं. ही माहिती पैसे भरून झाल्यावर घरच्यांच्या हाती लागू देऊ नये.

यंत्र कोणतंही घेतलं तरी गळ्याच्या आत साचणारा चिकट थर दर दोन-तीन दिवसांनी पुसावा लागतो, नाहीतर फेस वर चढत नाही. महागडं घेतलं म्हणून त्यात सूट नाही. कप संडासात रिकामा करावा, खिडकी आधी उघडावी, आणि स्वयंपाकघरातलं सिंक या कामी कधीही वापरू नये. खत म्हणून तुळशीला घालायची कल्पना कोणी सुचवेल. पाणी खारट असतं, तुळस मरते, आणि सासूबाईंना त्याचं कारण समजावायला वरची सगळी रेणूंची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.