टाकीला कुलूप

काकांच्या पद्मिनीत सगळ्यात नवी वस्तू म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं झाकण. रात्री कुणीतरी नळी घालून पेट्रोल काढतो, असा काकांना वहीम होता. म्हणून त्यांनी कुलपाचं झाकण आणलं. चावी जानव्याला. "रबर इतकं घट्ट की पेट्रोल सोड, हवासुद्धा आतबाहेर होणार नाही," हे दुकानदाराचं वाक्य ते येईल-जाईल त्याला ऐकवत होते.

बेत मे महिन्यातला, पुण्याहून चिपळूणचा. काका चक्रधर, शेजारी काकू, मागे मी आणि मेहुणे. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी-बहिणींना मुंबईने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप दिला. काकांच्या मते तो मुंबईचा उतावीळपणा.

खंबाटकीच्या चढावर गाडीने दोन-चार गचके दिले आणि बंद पडली. स्टार्टर मारला की इंजिन फिरायचं, पेट घ्यायचं नाही. आपल्याकडे बॉनेट उघडणं हे जाहीर आमंत्रण असतं. पहिला आला कलिंगडवाला. "पंप तापलाय सायेब. पेट्रोलची वाफ झाली." निदान शास्त्रशुद्ध होतं. या गाड्यांचा पंप इंजिनालाच जडवलेला; उन्हाळ्यात चढावर तो तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप बिचारा वाफच ढकलत बसतो. काकांचा पंचा भिजवून पंपावर घातला. आम्ही कलिंगड खाल्लं, तोवर गाडी सुरू! उपायाचे पैसे त्याने घेतले नाहीत. कलिंगडाचे घेतले, त्यात उपायाचेही असावेत.

नागठाण्याजवळ पुन्हा तेच. या वेळी एक ट्रक ड्रायव्हर उतरला. "एअर धरली असंल." डिझेलवर हयात गेलेल्या माणसाला दुसरा रोग सुचतच नाही. त्याने नळी सैल केली, हँडल मारला, नळी आवळली. मध्ये चहा झाला. गाडी सुरू! काकांनी त्याला नमस्कार केला.

तिसऱ्यांदा बंद पडली ती मल्हारपेठेत. गॅरेज समोरच होतं, तेवढी गाडीची समज. मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला, फ्लोट हलवून पाहिला, जेट काढून तोंडाने फुंकलं आणि तळहात काकांपुढे धरला. "हा बघा कचरा." काकांचा चष्मा गाडीत होता, तरी त्यांना दिसला. काकूंनी मात्र आधीच गणपतीला नारळ बोलून ठेवला होता. गाडी सुरू झाल्यावर श्रेय कुणाचं, यावर दोघांत जुंपली. मेहुण्यांनी तोडगा म्हणून सगळा दोष २० टक्के इथेनॉलवर टाकला. जुन्या गाडीतलं रबर त्याने खराब होतं हे खरंच, पण त्या दिवशी इथेनॉल निर्दोष होतं.

पाटणला पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या पोराने चावी मागितली. काकांनी सदऱ्यात हात घालून ती विधिपूर्वक काढली. झाकण फिरलं आणि टाकीने असा लांबलचक 'फुस्स' केला की पोरगं मागे सरलं.

"काका, टाकीला हवाच मिळंना! झाकणाला भोक कुठाय?"

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत पडतं, तसं झालं होतं. टाकीतलं पेट्रोल जितकं कमी होईल तितकी हवा आत यायला हवी. ती आली नाही की आत ओढ निर्माण होते आणि पंपाचा पातळ पडदा कितीही धडपडला तरी पेट्रोल वर येत नाही. चढावर इंजिन जास्त पितं, म्हणून खंबाटकीत पहिला हिसका. गाडी उभी राहिली की रबराच्या कडेने थोडी थोडी हवा आत झिरपायची आणि वीस मिनिटांत रोग आपोआप बरा. त्या वीस मिनिटांत बॉनेटपाशी जो कोणी असेल तो धन्वंतरी! ट्रकवाला तर चक्क उलटं बोलला होता: गाडीने हवा धरली नव्हती, तिला हवा मिळत नव्हती.

काका काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे दुकानदार खोटं बोलला नव्हता."

पोराच्या सल्ल्याने झाकण अर्धवटच फिरवलं आणि कुंभार्ली घाटातून गाडी न कुरकुरता खाली उतरली. चिपळुणात एका सोनाराने झाकणाला बारीक भोक पाडून दिलं. पेट्रोलचा वास येणारा दागिना त्याच्याकडे पहिल्यांदाच आला असावा. काकूंचा नारळ फुटलाच, कारण बोललेलं फेडावंच लागतं.

तेव्हा कार्बोरेटरवाली गाडी घाटात गुदमरली, तर बॉनेटकडे धावण्याआधी मागे जा आणि टाकीचं झाकण सैल करा. 'फुस्स' झालं तर मिस्त्रीची गरज नाही. नाही झालं तर ओलं फडकं, मग फिल्टर, मग जेट. फक्त आधी आजूबाजूच्या तज्ज्ञांच्या विड्या विझवायला सांगा.