गेमवाले काका

केक कापून होतो, भिंतीवरचे निम्मे फुगे फुटतात आणि नऊ ते बारा वयाची पंधरा-वीस पोरं घरात मावेनाशी होतात. मग स्वयंपाकघरातून हाक येते, "अहो, काकांना बोलवा!" हे काका यजमानांच्या नात्यातले असतातच असं नाही. ते वरच्या मजल्यावर राहतात, बँकेतून निवृत्त झालेले असतात किंवा व्हायच्या बेतात असतात. कोल्हापुरात शिवाजी पेठेत ते आहेत, मंगळवार पेठेत आहेत आणि राजारामपुरीत तर निदान दर दोन गल्ल्यांआड एक तरी आहेत. आडनाव काहीही असो, पोरांच्या लेखी ते गेमवाले काका.

काका येतात ते कापडी पिशवी घेऊनच. पिशवीवरचं सराफाचं नाव कधीच धुऊन गेलेलं असतं. आत शिट्टी, खडूचे तुकडे, सुतळी, चमचे, रद्दी आणि एक जुना मफलर, डोळे बांधायला. "वहिनी, फुग्यांचं एक पाकीट तेवढं द्या. बाकी घरात असतंय ते," असं ते बजावतात. हॉल घेऊन मिकी माऊसचा वेश घातलेला माणूस आणणाऱ्यांचा त्यांना राग नाही, कीव येते. अकरा वर्षांच्या पोराला मिकी माऊस दाखवला तर ते आधी त्याची शेपटी ओढणार, हे काकांना अनुभवानं ठाऊक आहे.

या वयाचा काकांचा अभ्यास दांडगा आहे. गाढवाला शेपूट लावायला सांगितलं तर ही पोरं म्हणतात, "आम्ही काय बालवाडीत आहे काय?" मोठ्यांसारख्या गाण्याच्या भेंड्या घेतल्या तर दोन मिनिटांत मोबाइल बाहेर निघतात. म्हणून काकांचा पहिला नियम असा की कुणालाही बाद करायचं नाही. बाद झालेलं पोर कोपऱ्यात बसतं आणि कोपऱ्यात टीव्हीचा प्लग असतो. त्यामुळे त्यांच्या संगीत खुर्चीत दर फेरीला खुर्ची कमी होते, पोर नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मिळून मावायचं. शेवटी तीन खुर्च्यांवर सगळी पोरं लोंबकळत असतात आणि मंडपवाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय हळूहळू फाकत असतो. काका तिकडे बघत नाहीत.

संघ पाडताना मात्र ते फार जपून असतात. पूर्वी ते संघांना तालमींची नावं देत. पण हे फुटबॉलचं गाव, आणि इथले संघही तालमींचेच. पाटाकडील आणि खंडोबा एवढं उच्चारलं, की पोरांआधी बाप खुर्चीतून उठायचे आणि लिंबू-चमच्याच्या शर्यतीला शाहू स्टेडियमवरच्या फायनलची कळा यायची. तेव्हापासून संघ दोनच, तांबडा आणि पांढरा. रश्श्यावरून आजवर मारामारी झालेली नाही. तांबड्यात जायला सगळे धडपडतात, ते वेगळं.

'शिवाजी म्हणतो' हा खेळ महाराष्ट्रभर खेळला जातो. पण छत्रपतींची गादी असलेल्या गावात महाराजांचं नाव एकेरीत कसं घ्यायचं? काका म्हणतात, "महाराज सांगताहेत, उजवा हात वर!" एवढ्या आदरानं सांगितल्यावर पोरं एरवीपेक्षा लवकर हात वर करतात आणि तितक्याच लवकर चुकतात. 'मामाचं पत्र हरवलं' अलीकडे जरा अडचणीत आलंय. पत्र कशाला हरवेल, असा पोरांचा सवाल असतो. ती मामाचा ओटीपी हरवतात आणि खेळ पुढे सुरू राहतो.

काकांचा हुकमी एक्का म्हणजे ताटाचा खेळ. ताटात वीस वस्तू मांडायच्या: लवंग, किल्ली, सेफ्टी पिन, केएमटीचं तिकीट, बटण, गुळाचा खडा. मिनिटभर बघायचं, वर टॉवेल टाकायचा आणि आठवेल तेवढं लिहून काढायचं. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या 1901 सालच्या 'किम' कादंबरीत सिमल्याचा लर्गन साहेब पोराला हेरगिरीसाठी असंच तयार करतो. त्याच्या ताटात रत्नं असतात. बेडन-पॉवेलनं 1908 साली हा खेळ स्काउटच्या पुस्तकात घेतला आणि तिथून तो शाळाशाळांत पोचला. काका हा इतिहास दर वेळी सांगतात. तो संपेपर्यंत गुळाचा खडा कुणीतरी खाल्लेला असतो. मग काका न डगमगता जाहीर करतात, "आता ओळखा, काय गायब झालं?"

पेपर डान्सला रद्दी लागते. जोडीनं पेपरवर उभं राहून नाचायचं आणि दर फेरीला पेपर निम्मा दुमडायचा. चार घड्यांत जागा सोळाव्या भागावर येते आणि एका पायावर नाच सुरू होतो. 'पुढारी'चं उघडलेलं जोडपान काकांच्या मते यासाठी मापात आहे. ज्या घरानं पेपर बंद केला, त्या घरावर त्यांचा खरा राग. "मोबाइलवर वाचता, ठीक आहे. त्याच्यावर नाचता येतंय काय?"

बिनखर्चाच्या खेळांत कळस म्हणजे चपलांचा ढीग. दारातल्या सगळ्या चपला एकत्र ओतायच्या, मफलर बांधायचा आणि स्पर्शानं आपली जोडी शोधायची. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2025 मध्ये प्राडानं मिलानला तसलीच चप्पल रॅम्पवर चालवली. पण या ढिगात कोल्हापुरी एकच निघते, ती काकांची. बाकी सगळे रबरी क्रॉक्स, तेही एकसारखे निळे. पार्टी संपल्यावर दोन पोरं एकमेकांचे क्रॉक्स घालून घरी जातात आणि रात्री आयांचे फोन सुरू होतात.

एक दोष मात्र सांगायला हवा. काका हरत नाहीत. पंच म्हणून उभे राहतात, पण कोंबड्यांची झुंज सुरू झाली की हाताची घडी घालून, एक पाय उचलून, साठीतला हा गृहस्थ रिंगणात. 1912 सालापासून कुस्त्या बघणाऱ्या खासबाग मैदानात आपण उतरलो असतो, तर काय झालं असतं, हे ते लंगडत लंगडत सांगतात. पुढे आठ दिवस गुडघ्याला पट्टी असते. काकू विचारतात, "फुगे कितीला पडले?" काका म्हणतात, "चाळीस." "आणि मलम?" काका पेपर वाचायला लागतात.

पोरांनाही काकांची ही हौस कळून चुकलीय. निघताना सहावीतली एखादी पोरगी अडवतेच, "काका, पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस हाय. गेम मी घेतो. तुम्ही फक्त खेळायचं, शिट्टी माझ्याकडं."

काका पिशवीतली शिट्टी घट्ट धरतात, थोडा विचार करतात आणि विचारतात, "तांबड्यात घेणार का?"